देखाव्यातला बर्फ पिवळा का पडतो, आणि तो खरा कसा वाटेल

खानापूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गल्लीच्या मंडळानं गेल्या गणपतीत केदारनाथचा देखावा केला होता. प्लायवर चार बाय तीन फुटांचा तळ, अडीच फुटी मंदिर, मागे डोंगर आणि तीन-तीन इंचांचे यात्रेकरू. बर्फासाठी डोंगरावर कापूस लावला आणि जमिनीवर फेविकॉल पसरून खाण्याचा सोडा भुरभुरला. चौथ्या दिवशी सोड्याचे खडे झाले, ठिकठिकाणी पिवळट डाग आले, आणि लांबूनसुद्धा कापूस कापूसच दिसत राहिला. यंदा अकरा दिवस टिकेल आणि बर्फ वाटेल असं काय वापरावं, थर्माकोलचा भुसा चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी शहापुरात राहते. मंडळांचे देखावे आणि शिवजयंतीच्या चित्ररथांची कामं बरीच वर्षं करते, शिवाय घरी लहान प्रमाणातली मॉडेलंही. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, पण सवडीनं वाचा.

थर्माकोलचं आधी संपवते. सजावटीचं थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत आहे, त्यामुळे तो विचार सोडा. तसंही त्याचे दाणे अंगच्या विजेमुळे हाताला, पडद्याला, मूर्तीला चिकटत राहतात, आणि एकेक दाणा त्या तीन इंची माणसाच्या मुठीएवढा दिसतो.

आता मूळ अडचण. तुम्ही साहित्य विचारलंय, पण तुमच्या वर्णनात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. सोड्याचे खडे होणं हा ओलीचा प्रश्न आहे. पिवळेपणा हा काही अंशी गोंदाचा, काही अंशी दिव्यांचा आणि आरतीच्या धुराचा प्रश्न आहे. आणि कापूस दिसणं हा साहित्याचा प्रश्न जवळजवळ नाहीच. तो बर्फाच्या ठेवणीचा आहे. कुठे बर्फ असतो, कुठे नसतो, कुठल्या बाजूला साचतो, हे चुकलं तर परदेशातून मागवलेली महागडी पावडरसुद्धा पीठ भुरभुरल्यासारखीच दिसते. ठेवण बरोबर असली तर संगमरवराच्या पुडीतही काम होतं.

पहिल्यांदा महिना ठरवा. हे मी प्रत्येक मंडळाला विचारते आणि बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो. केदारनाथचं मंदिर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८३ मीटरवर आहे. दारं अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात आणि भाऊबीजेला बंद होतात. हिवाळ्यात देवाची पूजा खाली उखीमठला होते. म्हणजे मंदिर कळसापर्यंत बर्फात बुडालंय आणि समोर यात्रेकरूंची रांग आहे, असं दृश्य सहसा नसतं. रांग दाखवायची तर तो वैशाखातला उरलेला बर्फ आहे: जुना, दबलेला, कडांना वितळणारा, मधून फरशी आणि दगड उघडे पडलेले, वाटेवर माणसांनी आणि खेचरांनी तुडवून चिखल झालेला. पांढराशुभ्र हिवाळा दाखवायचा तर यात्रेकरू काढा, दार बंद ठेवा. दोन्ही देखावे सुंदर होतात, पण दोन्हींचं साहित्य, रंग, मेहनत वेगळी आहे. तुमच्याकडे बाहुल्या आधीच तयार आहेत, म्हणून मी इथून पुढे वैशाखातला बर्फ धरून लिहिते. माझ्या मते तोच जास्त खरा वाटतो, कारण त्यात बघणाऱ्याला बर्फाशेजारी दगडही दिसतो.

मग ऊन आणि वारा. मंदिराचं तोंड दक्षिणेला आहे. हिमालयात सूर्य दक्षिणेकडून कलता असतो, म्हणून समोरच्या बाजूचा बर्फ लवकर जातो आणि मंदिराच्या मागे, भिंतीच्या सावलीत, दगडांच्या उत्तर अंगाला तो बराच काळ टिकतो. तुमच्या तळाच्या कडेवर खडूनं सूर्याची बाजू लिहा आणि वाऱ्याचा एक बाण काढा. शेवटपर्यंत तो बाण पुसायचा नाही. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूचा बर्फ खरवडला जातो, दगड उघडा पडतो. पलीकडच्या आडोशाला तोच बर्फ साचतो आणि निमुळत्या शेपटीसारखा लांबत जातो. डोंगराच्या धारेवर आडोशाच्या बाजूला बर्फाची पुढे आलेली छपरी तयार होते. भिंतीला तो सपाट टेकत नाही, भिंतीपाशी चढत जातो.

आपल्याकडे बर्फ कुणी पाहिलेला नसतो, असं सगळे म्हणतात. ते खरं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे, आणि बेळगाव-खानापूर तालुक्यांत अशी गावं कमी, जिथे काश्मीर-लडाखला राहून आलेला निवृत्त जवान नाही. बर्फाचा देखावा असला की पूड टाकण्याआधी मी अशा एखाद्या काकांना बोलावते. एका निवृत्त सुभेदारांनी देखाव्यातल्या झेंड्याच्या काठीपाशी बोट ठेवून विचारलं होतं, "इकडंबी बर्फ, तिकडंबी बर्फ. वारा कुठनं येतोय ते सांगा आधी." मग त्यांनीच काठीच्या एका बाजूचा लगदा बोटानं कोरून खळगा केला आणि दुसऱ्या बाजूला ओढून शेपटी काढली. तेवढ्यानं ती काठी बर्फात रोवलेली वाटायला लागली. तुमच्या गावात असं कुणी असेल तर नक्की बोलवा. गुडघाभर बर्फात उभं राहिलेल्या माणसाला चूक आधी दिसते, कारण नंतर कळतं.

आता पांढरेपणा. सोडा का फसला हे समजण्यासाठी एक गोष्ट डोळ्यांनी बघा. गोळेवाल्याकडून रंग न घातलेला किसलेला बर्फ वाटीत आणा. तो शुभ्र असतो. त्यावर दोन चमचे पाणी सोडा. जिथे पाणी शिरलं तिथला पांढरेपणा जातो आणि बर्फ आरपार दिसू लागतो. बर्फाच्या कणाला स्वतःचा रंग नाही. कणाकणांमध्ये हवा अडकलेली असते, प्रकाश प्रत्येक कडेवर वाकत, परतत, उलटसुलट फिरत सगळ्या रंगांसकट बाहेर येतो, म्हणून ढीग पांढरा दिसतो. हवेची जागा पाण्यानं घेतली की प्रकाश सरळ आत निघून जातो.

सोडा, खडूची पूड, संगमरवराची पूड यांचंही हेच आहे. कोरड्या असताना पांढऱ्या, फेविकॉलमध्ये भिजल्या की करड्या आणि ओशट. फेविकॉल आणि हे कण प्रकाशाला जवळजवळ सारखेच वाकवतात, त्यामुळे कणांच्या कडा दिसेनाशा होतात. तुम्ही जाड फेविकॉलवर सोडा भुरभुरलात, तो खालून वर भिजत गेला, आणि हवा संपली. टायटॅनियम डायऑक्साइड या रंगद्रव्याचं तसं होत नाही. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकवतं त्याचं माप, सुमारे २.७ आहे, गोंदाचा १.५ च्या आसपास. एवढा फरक असल्यामुळे ते गोंदात बुडूनही पांढरं राहतं. चांगल्या प्रतीच्या पांढऱ्या इमल्शनमध्ये, म्हणजे भिंतीच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगात, ते भरपूर असतं. स्वस्त डिस्टेंपरमध्ये मुख्यतः खडूच असतो.

यातून माझी सगळी पद्धत निघते. खालचा थर, जो बर्फाला आकार देतो, तो गोंद आणि इमल्शन यांचा. त्याचा पांढरेपणा रंगद्रव्यातून येतो. वरचा थर कोरड्या पुडीचा. त्याचा पांढरेपणा हवेतून येतो, म्हणून त्याला गोंद फक्त पायाशी लागला पाहिजे. दोन्ही कामं एकाच थराकडून करून घ्यायला गेलं की तुमच्यासारखं होतं.

कुठल्या वस्तू आपल्या हवेत नकोतच, हेही सांगते. मीठ नको: हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच पाणी ओढून विरघळू लागतं, आणि खानापुरात भाद्रपदात हवा त्याहून कोरडी असण्याची आशा धरू नका. शिवाय खिळे, तारा, दिव्यांचे होल्डर गंजतात. साखर, रवा, मैदा यांना मुंग्या, झुरळं, उंदीर आणि बुरशी. सोडा दोन दिवसांच्या शाळेच्या प्रदर्शनाला चालेल, अकरा दिवसांच्या मांडवाला नाही. ओल आणि दिव्याची ऊब दोन्ही मिळून तो बदलत जातो आणि गोंदाच्या थरावर पिवळट दिसतो. लहान मुलांच्या डायपरमधली पाणी पिऊन फुगणारी पूड फुगल्यावर अगदी ताज्या बर्फासारखी दिसते, फोटोपुरती उत्तम, पण सुकली की आक्रसते. कापूस मी दिव्यांच्या आणि समईच्या जवळपास वापरूच देत नाही, दिसण्यापेक्षाही आगीच्या भीतीनं.

आता प्रत्यक्ष काम. डोंगर आणि जमीन थर्माकोलऐवजी जाळी आणि गोणपाटावर करा. दिवाळीत किल्ला करताना आपण गोणपाट मातीच्या पाण्यात बुडवून पसरतो, तसंच. फक्त इथे मातीऐवजी फेविकॉल घातलेला कागदाचा लगदा घ्या म्हणजे वजन कमी राहतं आणि तडे जात नाहीत. प्लायला सगळ्या बाजूंनी, खालूनसुद्धा, ऑइल प्रायमरचा हात द्या. तळ जमिनीवर न ठेवता विटांवर उचलून ठेवा. निम्मी ओल खालून चढते.

दगडांबद्दल एक विनंती. आपल्याकडे हाताशी लाल माती आणि जांभा असतो आणि तोच देखाव्यात येतो. केदारनाथला दगड करडे, राखाडी आहेत. क्रशरवरची बारीक खडी आणि कच आणा, धुऊन वाळवा, चिकटवा. मग सगळा डोंगर, सगळी जमीन, बर्फ येणार असलेल्या जागांसकट, आधी गडद करड्या रंगानं पूर्ण रंगवा आणि उंचवट्यांवर कोरड्या ब्रशनं फिकट करडा फिरवा. बर्फ हा सगळ्यात शेवटी पडतो, देखाव्यातही तो शेवटीच पडला पाहिजे. पांढऱ्यावर काळे दगड रंगवले की ते ठिपके दिसतात. काळ्यावर पांढरा बर्फ बसवला की दगड खालून वर आलेला दिसतो.

बर्फ कुठे बसवायचा हे ठरवायला मी एक चाचणी करते. तळ नेमका आडवा, सपाट ठेवायचा. फवाऱ्यानं साधं पाणी हलकं मारायचं. मग चहाच्या गाळणीत संगमरवराची बारीक पूड घेऊन हातभर उंचीवरून सरळ खाली सोडायची. सपाट जागी ती साचते, उतारावर पातळ बसते, उभ्या कड्यावर नुसता बारीक रेघांनी अडकते. जिथे थांबली तिथे बर्फ, जिथून घसरली तिथे दगड. मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि पूड ब्रशनं झटकून परत गोळा करा. हा फोटो पुढच्या सगळ्या कामाचा नकाशा आहे. मंदिरावरही तेच करा: शिखराच्या उभ्या अंगावर जवळजवळ काही थांबणार नाही, आडव्या पट्ट्यांवर आणि दगडांच्या खोबणींत बारीक रेघ थांबेल, सभामंडपाच्या उतरत्या छपरावर मात्र चांगला थर बसेल. गेल्या वर्षी शिखराला कापूस गुंडाळला असेल तर यंदा तो नसल्यानंच निम्मा फरक पडेल.

जाडीचा हिशेब बाहुल्यांवरून काढा. साडेपाच फुटी माणूस तीन इंचांत आला म्हणजे प्रमाण साधारण बाविसाला एक. गुडघाभर, दीड फूट बर्फ तुमच्या देखाव्यात दोन सेंटिमीटर होतो. पावलाचा ठसा सव्वा सेंटिमीटरच्या आतला. आणि खऱ्या बर्फाचा एक मिलिमीटरचा कण इथे ०.०५ मिलिमीटरहूनही लहान, म्हणजे डोळ्यांना दिसताच कामा नये. म्हणून पूड जितकी बारीक तितकी चांगली. रांगोळीची पांढरी पूड सगळे वापरतात, पण ती भरड असते आणि तिच्यातले चमकणारे कण या प्रमाणात खड्यांएवढे दिसतात. अगदी पुढच्या कडेला, जुन्या कडक झालेल्या बर्फाचा पापुद्रा दाखवायला तिची चिमूट चालते, बाकी नाही.

खालच्या थराचं मिश्रण मी असं करते: संगमरवराची बारीक पूड दोन वाट्या, बाहेरच्या भिंतींचं चांगलं पांढरं इमल्शन एक वाटी, पाण्याला टिकणारं फेविकॉल अर्धी वाटी, आणि पाणी लागेल तसं, चमचा उलटा केला तरी पडू नये इतपतच. बाहेरच्या भिंतींचंच इमल्शन घ्या, कारण त्यात बुरशीला अटकाव करणारं औषध असतं आणि आपल्या पावसाळ्यात त्याची गरज पडते. थर तीन-चार मिलिमीटरपेक्षा जाड देऊ नका. जाड दिला की वरून सुकतो, आत ओला राहतो आणि फुटतो. दोन सेंटिमीटरची जाडी हवी तिथे आधी कागदाच्या लगद्यानं भर घाला, त्यावर हे मिश्रण. उन्हाळ्यात एक थर संध्याकाळपर्यंत सुकेल. श्रावणात पंखा लावूनही रात्र जाऊ द्या, कधी दुसरा दिवसही.

या थरातच सगळा आकार आणायचा आहे. ओल्या ब्रशनं वाऱ्याच्या दिशेला ओढा, दगडांच्या आडोशाला शेपटी काढा. दगडाला मिश्रण चिकटवू नका. दगड उन्हानं तापतो आणि भोवतीचा बर्फ आधी वितळतो, म्हणून त्याच्याभोवती नखाएवढी फट ठेवा. पावलांचे ठसे मिश्रण आवळत आलं की काडीच्या टोकानं दाबा, आणि माणसं जातील तशा वाटेनं, एकामागोमाग. ठसा नसलेल्या बर्फात मधोमध उभा यात्रेकरू वरून ठेवल्यासारखा दिसतो. बाहुलीचे पायही थोडे आत रोवा.

मग वरची पूड. शेवटच्या थराला इमल्शन आणि फेविकॉल समभाग, थोडं पाणी, असा पातळ हात द्या. तो चकाकता ओला असताना पूड टाकू नका. बोट लावलं तर चिकटेल पण बोटाला पांढरं येणार नाही, ती वेळ पकडा. गाळणीतून, वाऱ्याच्या बाणाच्या दिशेनं किंचित तिरकी, एकदा जाड नाही तर दोन-तीनदा विरळ. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी तळ हलकेच ठोकून, मऊ ब्रशनं सुटी पूड काढा. जी राहिली तिचा पाय गोंदात आणि डोकं कोरडं. वरून पुन्हा फेविकॉलचं पाणी फवारण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो फवारा मारला की सगळी हवा गेली. मांडवात पंखे जवळ असतील तरच दीड फुटावरून मॅट वॉर्निशचा एक विरळ फवारा द्या, दिवे-समई बंद असताना, मोकळ्या जागेत.

पूड कोणती? संगमरवराची पूड पुरेशी आहे. खर्चाची तयारी असेल तर तिच्यात निम्म्यानं मायक्रोबलून मिसळा. हे काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे असतात, फायबरचं काम करणारे राळेत मिसळून वापरतात. त्यांच्याकडे चौकशी करा, ऑनलाइनही मिळतात. प्रत्येक गोळ्याच्या पोटातच हवा असल्यामुळे गोंद लागला तरी ते पांढरे राहतात, आणि दिसायला इतके मऊ की जवळून बघणाराही बोट लावायला जातो. पण ते हवेत तरंगतात आणि फुप्फुसात गेलेले वाईट. चांगला मास्क लावल्याशिवाय, पंखा बंद केल्याशिवाय, पोरं आसपास असताना डबा उघडायचा नाही. संगमरवर आणि रांगोळीच्या पुडीलाही मास्क लावाच. मंडळाच्या कामात सोळा-सतरा वर्षांची मुलं असतात, त्यांना हे कुणी सांगत नाही.

रंगाचं थोडं. सगळा बर्फ एकाच शुभ्र रंगाचा केला तर आकार दिसत नाही, आणि मोबाइलच्या फोटोत नुसता पांढरा डाग येतो. उघड्यावरच्या बर्फाच्या सावलीत आकाशाचा निळेपणा येतो. खालच्या थराच्या मिश्रणात अल्ट्रामरीन निळ्या अ‍ॅक्रिलिकचे इतके थोडेच थेंब घाला की शेजारी कोरा कागद धरल्याशिवाय निळं आहे हे कळू नये. ठशांच्या आत, भिंतीच्या मागे, शेपटीच्या आडोशाला आणखी जरा. निव्वळ पांढरा फक्त वरच्या पुडीला. कपड्यांना घालायची द्रवरूप नीळ वापरू नका, ती ओलीत पसरते. वाटेवर आणि वितळत्या कडांवर करडा-तपकिरी पातळ हात द्या आणि फक्त त्याच पट्ट्यावर चकाकणारं वॉर्निश. ओला दगड चकाकतो, शेजारचा बर्फ मंद राहतो, आणि त्या फरकामुळे बर्फ वितळतोय हे डोळ्यांना पटतं. छपराच्या उन्हाच्या कडेला गरम गोंदाच्या बंदुकीनं चार-सहा हिमकांड्या लोंबवल्यात तर छान. त्या सरळ खाली लोंबायला हव्यात, आणि सगळ्या सारख्या लांबीच्या नकोत.

इथपर्यंतचा क्रम पुन्हा एकदा: महिना, ऊन-वाऱ्याची बाजू, गडद दगड, गाळणीची चाचणी, आकार देणारा थर, कोरडी पूड, मग कडांचा चिखल आणि ओल.

पिवळेपणाकडे परत येते, कारण ही सगळी मेहनत मांडवात एका बल्बनं वाया जाऊ शकते. गेल्या वर्षीचा देखावा दिवसाउजेडी पांढरा आणि रात्री पिवळा दिसत होता का, आठवून बघा. तसं असेल तर दोष दिव्याचाही होता. पिवळट प्रकाशात पांढरं काहीही पिवळंच दिसणार. ६५०० केल्विनचा थंड पांढरा एलईडी घ्या आणि तो समोरून न लावता बाजूनं, खालच्या कोनातून लावा, म्हणजे प्रत्येक उंचवट्याला सावली मिळेल. समोरून झोत मारला की तुमच्या सगळ्या शेपट्या आणि ठसे पुसले जातात. मंदिराच्या मागे खाली लपवलेली मंद निळी पट्टी, आणि गाभाऱ्याच्या दारातून मात्र एक लहानसा पिवळा दिवा. तो पिवळा उजेड दाराबाहेरच्या बर्फावर थोडासा पडला की बाकीचा बर्फ आणखी थंड वाटतो. रंग बदलणारे दिवे डेकोरेशनवाला फुकट देतो म्हणाला तरी या देखाव्यावर नकोत. हॅलोजनही नको, त्याच्या उष्णतेनं गोंद मऊ पडतो.

दुसरं कारण धूर. रोज दोन वेळा आरती, कापूर, उदबत्त्या, गर्दीच्या दिवशी त्याहून जास्त. कापराची काजळी अकरा दिवसांत बर्फावर दिसण्याइतकी बसते. देखावा आणि आरतीची जागा यांत शक्य तेवढं अंतर ठेवा, आरतीच्या वेळी समोर पारदर्शक प्लास्टिकचा पडदा सोडा, आणि रात्री मांडव बंद करताना मऊ ब्रश फिरवा. गाळणी आणि मूठभर पूड मांडवातच डब्यात ठेवा. पाचव्या-सहाव्या दिवशी हात ओढून एक विरळ भुरका दिलात की बर्फ पुन्हा ताजा होतो. यासाठीही वरचा थर कोरडा असणं सोयीचं पडतं.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. मांडवाचं छत ताडपत्रीचं असेल आणि गळत असेल तर पूड कितीही चांगली असो, थेंब पडला तिथे खळगा होणार. त्या वेळी देखाव्याला वरून स्वतंत्र पत्रा किंवा प्लाय हवा. लोक दहा फुटांवरून बघणार असतील तर ठसे, हिमकांड्या, मायक्रोबलून यांवर वेळ घालवू नका. वाऱ्याची बाजू, गडद दगड आणि दिवे एवढ्यावर सगळा जोर द्या. दोन-तीन फुटांवरून बघणार असतील तर बारकाव्यांना अर्थ आहे. आणि मागचे डोंगर जागेअभावी फळीवर रंगवणार असाल तर त्यांना पूड लावूच नका. लांबचा बर्फ सपाट, गुळगुळीत आणि किंचित निळसर दिसतो. त्यावर खरी पूड चिकटवली की डोंगर अंगावर आल्यासारखा वाटतो.

देखावा विसर्जनाच्या मिरवणुकीबरोबर पाण्यात नेऊ नका. यात प्लाय, जाळी, इमल्शन, वॉर्निश सगळं आहे. पूड ब्रशनं झटकून डब्यात भरा, तळ जुन्या चादरीत गुंडाळून कोरड्या खोलीत ठेवा. पुढच्या वर्षी ठसे आणि वाट लगद्यानं बुजवून, यात्रेकरू काढून, त्याच तळावर हिवाळ्यातलं केदारनाथ करता येईल.

वेळेचा अंदाज हवा असेल तर असा धरा: नागपंचमीपर्यंत जाळी-गोणपाटाचा सांगाडा उभा राहून लगदा पूर्ण सुकलेला हवा, गोकुळाष्टमीपर्यंत दगड आणि गडद रंग संपलेले हवेत. त्यानंतरचे दिवस बर्फाच्या थरांना ठेवा, कारण त्यांना सुकायला हवामान सांगेल तेवढा वेळ लागतो. तळ मांडवात हलवताना पूड सांडतेच, म्हणून वरचा शेवटचा भुरका मांडवात, दिवे लावून, हरितालिकेच्या रात्री द्या.